राष्ट्रीय स्पर्धेआधी कॉलेजच्या कुस्ती संघाची ताकद कशी जोखावी

अमेरिकेत दर वर्षी मार्च महिन्यात एनसीएए या कॉलेज क्रीडा संघटनेच्या डिव्हिजन वन, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीतल्या विद्यापीठांची राष्ट्रीय कुस्ती स्पर्धा भरते. १९२८ मध्ये आयोवा राज्यातील एम्स येथे सुरू झालेली ही स्पर्धा आज तीन दिवस चालते. दहा वजनगटांत प्रत्येकी तेहतीस, म्हणजे एकूण ३३० मल्ल तीत उतरतात, आणि तिच्या आधीच्या दोन आठवड्यांत प्रत्येक विद्यापीठाचा पाठीराखा एकाच प्रश्नाभोवती घुटमळत असतो: आपला संघ यंदा कितवा येईल? बहुतेक जण संघातल्या सर्वांत मोठ्या नावाकडे पाहून उत्तर देतात. महाराष्ट्रात कुस्ती पाहत वाढलेल्या आपल्यासारख्यांची ती सवय तर अधिकच पक्की असते, कारण आपल्याकडे गदा एकाच्याच खांद्यावर जाते आणि तिसऱ्या-पाचव्या क्रमांकाच्या पैलवानाची नोंद फारसे कोणी ठेवत नाही. इथल्या सांघिक विजेतेपदात मात्र नेमके तेच तिसरे, पाचवे आणि सातवे क्रमांक निर्णायक ठरतात. हा हिशेब वहीत पेन्सिलीने मांडता येतो, आणि तो कसा मांडायचा ते इथे सांगतो.

आधी गुण कसे मिळतात ते पाहा

एका वजनगटात एका विद्यापीठाचा एकच मल्ल खेळतो. १२५ पौंडांपासून २८५ पौंडांपर्यंतचे दहा गट म्हणजे संघाला गुण कमावण्याच्या दहाच जागा. पहिल्या आठ क्रमांकांना अनुक्रमे १६, १२, १०, ९, ७, ६, ४ आणि ३ असे स्थानगुण मिळतात, आणि या आठ जणांना ऑल-अमेरिकन हा मान लाभतो. त्याखेरीज मुख्य गटात पुढची फेरी गाठून देणाऱ्या प्रत्येक विजयाला एक गुण मिळतो. एकदा हरलेला मल्ल स्पर्धेबाहेर जात नाही. तो परतीच्या गटात उतरतो आणि तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढू शकतो. त्या वाटेवर पुढे नेणारा प्रत्येक विजय अर्ध्या गुणाचा असतो.

या दोन्हींची बेरीज एकदा करून ठेवली की पुढचे काम सोपे होते. एकही बोनस न मिळवता विजेता झालेला मल्ल संघाला २० गुण देतो आणि उपविजेता १६. उपांत्य फेरीत हरून तिसरा आलेला १३.५ आणि चौथा १२.५ गुण आणतो, पाचव्याचे १० आणि सहाव्याचे ९ होतात. उपांत्यपूर्व फेरीत हरून सातव्या स्थानी राहिलेल्याचे ६.५ आणि आठव्याचे ५.५ धरावेत. हे आठ आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत, कारण पुढची प्रत्येक आकडेमोड त्यांच्यावरच उभी आहे.

मानांकनावरून पहिली बेरीज

विभागीय स्पर्धा संपल्या की मानांकन जाहीर होते. या स्पर्धा विद्यापीठांच्या परिषदा, म्हणजे गट, भरवतात. बिग टेन, बिग ट्वेल्व्ह, एसीसी आणि इतर परिषदांना प्रत्येक वजनगटात हंगामातील कामगिरीनुसार ठरावीक जागा मिळतात, आणि उरलेल्या जागा निवड समिती भरते. पूर्वी फक्त पहिल्या सोळा जणांना मानांकन असे. २०१९ पासून सर्व तेहतीस जणांना ते दिले जाते, त्यामुळे हिशेब करणाऱ्याची मोठी सोय झाली आहे. आपला प्रत्येक मल्ल मानांकनाप्रमाणेच स्थान मिळवील असे तात्पुरते गृहीत धरून बेरीज करावी.

समजा, एका संघाचे नऊ मल्ल पात्र ठरले आहेत आणि त्यांची मानांकने १, २, ३, ३, ५, ६, ८, ११ आणि १४ अशी आहेत. पहिल्या दोघांचे ३६, दोन तिसऱ्यांचे २७, मग १०, ९ आणि ५.५. अकरावे मानांकन असलेला मल्ल पहिली कुस्ती जिंकून दुसरी हरेल, परतीच्या वाटेवर दोन विजय मिळवील आणि पहिल्या आठांच्या उंबरठ्यावर थांबेल, म्हणून त्याचे दोन गुण. चौदाव्याचे त्याच रीतीने दीड. एकूण ९१ गुण झाले. दहाव्या गटातला मल्ल पात्रच ठरला नाही, तिथे शून्य. ही बेरीज भाकीत मानू नये. संघाने कुठून सुरुवात केली एवढेच ती सांगते, आणि पुढचे सगळे बदल याच आकड्यात अधिक-उणे करायचे असतात.

९१ हा आकडा चांगला की वाईट, हे मात्र त्या वर्षावर अवलंबून असते. २०२४ मध्ये कॅन्सस सिटीत कॉर्नेलला ७२.५ गुणांवर दुसरे स्थान मिळाले. पुढच्याच वर्षी फिलाडेल्फियात दुसऱ्या आलेल्या नेब्रास्काला ११७ गुण लागले. म्हणून स्वतःच्या संघापुरती बेरीज करून थांबू नये. निदान पहिल्या पाच संभाव्य संघांची पाने शेजारी-शेजारी मांडावीत, मगच आपला आकडा कुठे बसतो ते कळते.

विजेत्यांची संख्या फसवते

इथे बरेच अभ्यासू पाठीराखेही चुकतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. २०२१ मध्ये सेंट लुईस येथे पेन स्टेट विद्यापीठाचे चार मल्ल अंतिम फेरीत पोहोचले आणि चारही जिंकले. आयोवा विद्यापीठाचा एकटा स्पेन्सर ली विजेता ठरला. इतकेच नव्हे, तर १४१ आणि १७४ पौंडांच्या अंतिम कुस्त्यांत आयोवाच्या मल्लांना पेन स्टेटच्याच मल्लांनी हरवले. तरीही सांघिक विजेतेपद आयोवाने १२९ विरुद्ध ११३.५ अशा स्पष्ट फरकाने नेले, कारण उपविजेते, तिसरे आणि चौथे क्रमांक त्यांच्याकडे होते आणि पेन स्टेटकडे त्या चौघांमागे तेवढी रांग नव्हती.

त्याहून बोलके उदाहरण २००१ चे आहे. मिनेसोटाचा एकही मल्ल त्या वर्षी अंतिम फेरीत नव्हता. पण दहाही वजनगटांत त्यांचा मल्ल पहिल्या आठांत आला आणि आयोवाच्या घरच्या मैदानावर, आयोवालाच मागे टाकून, त्यांनी आपले पहिले सांघिक विजेतेपद पटकावले. संघाचे मोल एका नावात शोधू नये हे मला या एका निकालाने कायमचे पटवून दिले. २०२५ मध्ये पेन स्टेटनेही दहाच्या दहा ऑल-अमेरिकन दिले. त्यांतले विजेते दोनच होते, १६५ पौंडांत मिचेल मेसेनब्रिंक आणि १८४ पौंडांत कार्टर स्टारोची, पण संघाची बेरीज १७७ झाली आणि ती स्पर्धेच्या तोवरच्या इतिहासातील सर्वोच्च ठरली.

उलट बाजूचीही एक खबरदारी घ्यावी. हंगामभर दोन संघांच्या समोरासमोर ज्या लढती होतात, त्यांत दहाही कुस्त्यांना सारखेच महत्त्व असते, त्यामुळे दहा बऱ्यापैकी मल्ल असलेला संघ सहज जिंकत जातो. राष्ट्रीय स्पर्धेत विसावे मानांकन असलेल्या मल्लाकडून एखाद-दुसऱ्या गुणापलीकडे अपेक्षा ठेवता येत नाही. अशा संघाचा हंगामातील अपराजित विक्रम पाहून त्याला पहिल्या तीनांत धरले, तर मार्चमध्ये निराशा पदरी येते.

बोनस वेगळ्या रकान्यात

आपल्याकडे चितपट कुस्ती म्हणजे निकाल, आणि गुणांवरची कुस्ती म्हणजे काहीशी अपुरी राहिलेली. इथल्या नियमांनी त्या भावनेला गणिताचे रूप दिले आहे. चितपट केल्यास संघाला दोन जादा गुण, पंधरा गुणांची आघाडी घेऊन कुस्ती वेळेआधी संपवल्यास दीड, आणि आठ ते चौदा गुणांच्या फरकाने जिंकल्यास एक. पाचही कुस्त्या चितपट जिंकणारा विजेता २० ऐवजी ३० गुण आणू शकतो. म्हणून 'जिंकेल का' एवढे विचारून भागत नाही, 'कसा जिंकेल' हेही विचारावे लागते.

इथल्या कुस्तीची घडण ऑलिम्पिकमध्ये दिसणाऱ्या फ्रीस्टाइलहून वेगळी आहे, तेही ध्यानात घ्यावे. प्रत्येक कुस्तीची पहिली फेरी तीन मिनिटांची आणि पुढच्या दोन प्रत्येकी दोन मिनिटांच्या असतात. प्रतिस्पर्ध्याला खाली घेतल्यास तीन गुण, खालून निसटल्यास एक, खालून उलटवून वर आल्यास दोन, आणि त्याच्या खांद्यांना गादीच्या जवळ धरून ठेवल्यास दोन ते चार. शिवाय कुस्तीच्या शेवटी वर राहण्याचा निव्वळ वेळ एक मिनिट किंवा त्याहून जास्त भरला तर आणखी एक. सवारी भरून प्रतिस्पर्ध्याला दमवणारा मल्ल इथे फार मोलाचा असतो, कारण त्याची आघाडी हळूहळू वाढत जाऊन बोनसच्या रेषेपर्यंत पोहोचते.

खाली घेण्याचे गुण २०२३–२४ च्या हंगामापासून दोनाचे तीन झाले, पण बोनससाठी लागणाऱ्या आठ आणि पंधरा गुणांच्या रेषा मात्र होत्या तिथेच राहिल्या. आयोवाने १९९७ मध्ये केलेला १७० गुणांचा विक्रम सत्तावीस वर्षे टिकला होता. नव्या नियमाच्या पहिल्याच वर्षी पेन स्टेटने १७२.५ आणि दुसऱ्या वर्षी १७७ गुण केले. त्या संघाची गुणवत्ता असामान्य होतीच, पण आक्रमक मल्लांना नियमाचीही साथ मिळाली असे माझे मत आहे. त्यामुळे २०२३ पूर्वीच्या बेरजा आजच्या संघांशी ताडून पाहताना थोडी सूट द्यावी.

बोनसचा अंदाज बांधताना मल्लाच्या हंगामातील सर्व विजयांचे प्रमाण घेऊ नये, कारण डिसेंबरमध्ये दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांवर मिळवलेले चितपट विजय त्यात मिसळलेले असतात. पहिल्या तेहतीसांत आलेल्या मल्लांविरुद्ध त्याने किती कुस्त्या फरकाने जिंकल्या, तेवढेच मोजावे. वरच्या चार मानांकनांना पहिल्या दोन फेऱ्यांत बोनसची चांगली संधी असते, उपांत्यपूर्व फेरीपासून ती झपाट्याने आटते. या रकान्यात मी नेहमी हात आखडता ठेवतो.

शुक्रवारची रात्र

स्पर्धा गुरुवारी सुरू होते. त्या दिवशी दोन सत्रांत मुख्य गटाच्या पहिल्या दोन फेऱ्या होतात, शुक्रवारी सकाळी उपांत्यपूर्व, आणि शुक्रवारी रात्री उपांत्य फेरी. प्रेक्षकांचे डोळे उपांत्य कुस्त्यांवर खिळलेले असतात, पण त्याच रात्री परतीच्या गटातली ती फेरी होते जिला तिथले लोक ब्लड राउंड म्हणतात. प्रत्येक वजनगटात त्या वाटेवर उरलेल्या आठ जणांपैकी चार जिंकून ऑल-अमेरिकन होतात, आणि हरणाऱ्या चौघांचा वर्षभराचा घाम कोणत्याही मानाविना संपतो. पाचव्या वर्षाचा विद्यार्थी तिथे हरतो तेव्हा त्याचे कॉलेजचे कुस्तीजीवन त्याच गादीवर थांबते, आणि ते पाहताना आपला संघ कोणता याचे भान राहत नाही.

गणिताच्या दृष्टीने या एका विजयाची किंमत किमान साडेतीन गुण आहे, अर्धा पुढे जाण्याचा आणि तीन आठव्या स्थानाचे. वहीत ७ ते १२ मानांकनांच्या मल्लांभोवती वर्तुळ काढावे, कारण हा दरवाजा त्यांच्यासाठीच आहे. अशा चार मल्लांपैकी चारही आत गेले किंवा चारही बाहेर राहिले, तर बेरीज चौदा गुणांनी हलते, आणि तेवढ्या फरकात तिसऱ्या-चौथ्या जागेची उलथापालथ सहज होते.

परतीच्या वाटेवर कोण तग धरतो याचा अंदाज विभागीय स्पर्धेतून येतो. तिथे उपांत्य फेरीत हरल्यावर मल्लाने पुढच्या दोन कुस्त्या कशा केल्या ते पाहावे. काहींचा एका पराभवानंतर धीरच खचतो, तर काही अधिक त्वेषाने उभे राहतात. पेन स्टेटचा टायलर कॅसॅक २०२४ मध्ये पहिलीच कुस्ती हरला आणि त्यानंतर सलग सात जिंकून तिसरा आला. २०२५ मध्येही त्या संघाचे अनेक जण उपांत्य फेरीत हरून शनिवारी सकाळी तिसऱ्या स्थानापर्यंत परतले. उपांत्य फेरीत हरलेला मल्ल तिसरा आला की सहावा, यात साडेचार गुणांचे अंतर आहे. असे चार मल्ल असले तर अठरा गुण झाले, म्हणजे जवळपास एक वैयक्तिक विजेतेपद.

मानांकनात न दिसणाऱ्या गोष्टी

मानांकन समोरासमोरचे निकाल, दर्जेदार विजय, प्रशिक्षकांची क्रमवारी, समान प्रतिस्पर्धी अशा निकषांवर ठरते. ते भूतकाळाचा आरसा असते, म्हणून त्यात दोन प्रकारची चूक राहते. पहिली चूक दुखापतीची. स्टारोचीने २०२४ मध्ये गुडघ्याच्या दुखापतीमुळे विभागीय स्पर्धेतून माघार घेतली आणि त्याचे मानांकन नववे लागले. ज्याने आधी तीन विजेतेपदे मिळवली होती त्याला नववा समजून दोन गुण लिहिणाऱ्यांचा हिशेब चुकला, कारण त्याने चौथे विजेतेपदही जिंकले. अशा मल्लाच्या रकान्यात दोन आकडे लिहावेत, एक तो सावरला तर आणि एक नाही सावरला तर. त्याचप्रमाणे त्या वजनगटातील पहिल्या मानांकनाच्या मल्लाचेही गुण थोडे कमी करावेत, कारण नववा त्याला लवकर भिडतो.

दुसरी चूक अभेद्य वाटणाऱ्या मल्लाची. २०२३ मध्ये टल्सा येथे, तीन विजेतेपदे नावावर असलेला स्पेन्सर ली उपांत्य फेरीत पर्ड्यूच्या मॅट रामोसकडून चितपट झाला, पुढच्या कुस्त्यांतून त्याने माघार घेतली आणि सहावा राहिला. वहीतले वीस गुण एका क्षणात नऊ झाले. २०२५ च्या २८५ पौंडांच्या अंतिम फेरीत टोकियोचा ऑलिम्पिक विजेता गेबल स्टीव्हसन शेवटच्या काही सेकंदांत खाली गेला आणि ओक्लाहोमा स्टेटच्या वायट हेन्ड्रिक्सनने ती कुस्ती ५–४ अशी जिंकली. म्हणून पहिल्या मानांकनासमोर पूर्ण २० लिहिण्यापेक्षा, त्या मल्लाचा हंगाम पाहून, १६ ते २० च्या दरम्यानचा आकडा धरावा असे मी सुचवीन.

वजनाचाही विचार करावा. १९९७ च्या अखेरीस वजन घटवताना तीन कॉलेज मल्लांचा मृत्यू झाला, आणि त्यानंतर एनसीएएने नियम कडक केले. आता हंगामाच्या आरंभी शरीरातील पाण्याचे आणि चरबीचे प्रमाण तपासून प्रत्येकाचे किमान वजन ठरते, आणि आठवड्याला दीड टक्क्याहून अधिक वजन उतरवता येत नाही. तरीही तीन दिवस रोज सकाळी काट्यावर उभे राहायचे असते. हंगामाच्या मध्यावर खालच्या गटात उतरलेला मल्ल गुरुवारी ताजातवाना दिसतो आणि शनिवारी त्याचे पाय जड होतात. त्याच्या कुस्त्यांच्या तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या फेरीतल्या खेळाचे चित्रीकरण मिळाले तर आवर्जून पाहावे. शेवटच्या दोन मिनिटांत तो पटात शिरतो की नुसता हात धरून वेळ काढतो, यावरून पुष्कळ कळते.

दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्या मल्लांबाबत त्यांचे जुने निकालही काढावेत. हेन्ड्रिक्सन आधी एअर फोर्सकडून खेळत होता आणि २०२५ मधला १७४ पौंडांचा विजेता डीन हमिटी विस्कॉन्सिनकडून. दोघेही डेव्हिड टेलर ओक्लाहोमा स्टेटचा प्रशिक्षक झाल्यावरच्या पहिल्याच हंगामात त्या संघातून विजेते झाले आणि संघ तिसरा आला.

स्पर्धा सुरू झाल्यावर

प्रत्येक सत्रानंतर वही अद्ययावत करावी, पण फक्त मिळालेले गुण लिहून थांबू नये. शेजारी 'अजून मिळू शकणारे' असा रकाना ठेवावा. शनिवारी रात्री अंतिम फेरीत पोहोचलेल्या मल्लाचे १६ गुण आधीच जमा झालेले असतात आणि तो जिंकल्यास चार वाढतात, शिवाय फरकाने जिंकल्यास बोनस. दोन दावेदार संघांचे मल्ल एकमेकांसमोर आले तर मात्र तीच कुस्ती दोन्ही बाजूंनी मोजावी.

२०१८ मध्ये क्लीव्हलँड येथे पेन स्टेट आणि ओहायो स्टेट यांच्यात असेच झाले. १८४ पौंडांच्या अंतिम फेरीत पेन स्टेटच्या बो निकलने ओहायो स्टेटच्या माइल्स मार्टिनला कुस्तीच्या पहिल्या तीन मिनिटांतच अस्मान दाखवले. विजेतेपदाचे चार आणि चितपटीचे दोन असे सहा गुण संघाला मिळाले, आणि शेवटचा निकाल १४१.५ विरुद्ध १३३.५ असा लागला. बाकीचे सारे निकाल तसेच ठेवून ही एकच कुस्ती मार्टिनने साध्या फरकाने जिंकली असे धरले, तर पेन स्टेटचे १३५.५ होतात आणि ओहायो स्टेटचे १३७.५.